ओहमचा नियम आणि विजेची मोजणी



आपल्या घरातील विजेच्या इस्त्रीच्या तळाशी एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर '२३० व्होल्ट, १००० वॉट' असे काहीसे लिहिलेले असते. ही पट्टी आपण सहसा वाचीत नाही. पण जो वाचील त्याला कागदपेन्सिल घेऊन त्या इस्त्रीची सारी कुंडली मांडता येईल. १००० ला २३० ने भागले की ४.३५ येतात. एवढे अँपियर प्रवाह तिच्या तारेतून वाहतो. २३० ला या प्रवाहाने भागले की सुमारे ५३ येतात. एवढे ओहम त्या तारेचा रोध असतो. दोन भागाकार झाले की हिशेब संपला. शाळेतील मुलगा हे गणित अर्ध्या मिनिटात करतो आणि परीक्षा झाल्यावर विसरूनही जातो.

या अर्ध्या मिनिटाच्या गणितात चार माणसांची नावे आली. व्होल्टा इटलीचा, अँपिअर फ्रान्सचा, ओहम जर्मनीचा आणि वॉट स्कॉटलंडचा. यांपैकी ओहम हा शाळामास्तर होता. व्होल्टाने आपला विद्युत्घट १८०० साली जगापुढे ठेवला आणि ओहमला आपला नियम १८२६ साली सापडला. मधली सव्वीस वर्षे युरोपातील एकाहून एक बुद्धिमान माणसे विजेशी खेळत होती. तिने पाण्याचे पृथक्करण करीत होती, नवी मूलद्रव्ये शोधीत होती. मग एका भागाकाराला सव्वीस वर्षे का लागावीत? आणि तो सापडल्यावरही लोकांना पटायला आणखी दहापंधरा वर्षे का जावीत? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, ज्या राशींचा भागाकार करावयाचा त्या मोजण्याचे साधनच कोणापाशी नव्हते. घरातल्या नळाची गोष्ट घ्या. वरच्या मजल्यावर धार बारीक येते आणि खालच्या मजल्यावर मोठी येते. टाकी उंच असली तर दाब अधिक, नळी अरुंद वा लांब असली तर अडथळा अधिक. हे आपल्याला समजते, कारण धार डोळ्यांना दिसते आणि बादली किती वेळात भरली हे मोजता येते. विजेच्या बाबतीत धार दिसत नाही आणि बादलीही नाही. तारेतून काही वाहते आहे याची खूण म्हणजे ठिणगी, हाताला बसणारा झटका, नाही तर तापलेली तार. यांतून 'किती' या प्रश्नाचे उत्तर कसे मिळावे?

एका माणसाने ते मिळविले होते, तेही व्होल्टाच्या आधी. हेन्री कॅव्हेंडिश हा इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत आणि तितकाच एकलकोंडा शास्त्रज्ञ. मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्यांतून तो विजेचा झटका स्वतःच्या अंगातून जाऊ देई. दोन नळ्यांतून बसणारे झटके सारखेच वाटले म्हणजे दोहोंचा अडथळा सारखा, असा त्याचा हिशेब. म्हणजे मोजण्याचे यंत्र म्हणून त्याने स्वतःचे शरीरच वापरले! या रीतीने त्याने पाण्यातील क्षाराचे प्रमाण, नळीची लांबी आणि अडथळा यांचा संबंध विलक्षण अचूकपणे काढला, आणि १७८० च्या सुमारास तो पुढे ओहमच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमापर्यंत येऊन पोहोचला. परंतु त्याने हे छापले नाही. त्याची टिपणे कागदांच्या गठ्ठ्यात पडून राहिली. १८७९ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलने ती संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा ओहम मरूनही पंचवीस वर्षे झाली होती. मॅक्सवेलने ते झटक्यांचे प्रयोग स्वतःवर आणि आपल्या सहकाऱ्यांवर करूनही पाहिले. ज्ञान मिळविणे आणि ज्ञान समाजाच्या पदरात टाकणे ही दोन निराळी कामे आहेत, ही गोष्ट कॅव्हेंडिशच्या उदाहरणावरून जितकी ठसते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणावरून ठसत असेल.

मोजण्याचे खरे साधन १८२० साली हाती आले. कोपनहेगनच्या ओर्स्टेडला असे दिसले की, तारेतून प्रवाह सुरू केला की जवळची होकायंत्राची सुई वळते. सुई जितकी जोराने वळेल तितका प्रवाह मोठा, हे ओघानेच आले. आता धार दिसू लागली. तरीही नियम दिसेना. इंग्लंडमधील पीटर बार्लो याने १८२५ साली तार लांबवीत नेऊन सुईवरचा परिणाम पाहिला. दोनशे फूट तारेतच परिणाम इतका क्षीण झाला की, विजेच्या साह्याने दूरवर संदेश पाठविण्याची कल्पना व्यवहारात उतरणे शक्य नाही, असे त्याने जाहीर करून टाकले. त्याचे निरीक्षण खोटे नव्हते; निष्कर्ष मात्र खोटा ठरला. तो का खोटा ठरला हे ओहमच्या सूत्रातूनच कळते.

गेओर्ग सिमोन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलपे तयार करणारे कारागीर. आई शिंप्याची मुलगी. ती मूल दहा वर्षांचे असतानाच वारली. वडील शाळेत फारसे गेलेले नव्हते, पण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर गणित आणि भौतिकशास्त्र यांचा अभ्यास केला होता, आणि दोन्ही मुलांना, गेओर्गला आणि मार्टिनला, त्यांनी घरीच शिकविले. मुलांची तयारी पाहून लांग्सडोर्फ नावाच्या प्राध्यापकांनी या भावांची तुलना थेट गणितातील विख्यात बर्नुली बंधूंशी केली. पण विद्यापीठात गेल्यावर आमचे गेओर्गराव नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड यांतच रमले! कष्टाच्या पैशांची ही वासलात पाहून वडील संतापले. तीन सत्रांनंतर मुलाला विद्यापीठ सोडावे लागले आणि तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागला. १८११ साली परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळविली. परंतु विद्यापीठात पोटापुरती जागा काही मिळाली नाही. मग पुन्हा शाळामास्तरकी. १८१७ साली त्याने भूमितीवर एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी त्याला कलोन येथील विद्यालयात गणित आणि भौतिकशास्त्र शिकविण्याची नोकरी मिळाली. तेथील प्रयोगशाळा चांगली होती. लहानपणी वडिलांच्या कारखान्यात हाताला लागलेले वळण येथे उपयोगी पडले. लागतील ती उपकरणे तो स्वतःच्या हाताने जुळवू लागला.

१८२५ साली ओहमने आपला पहिला निबंध छापला. तो चुकीचा होता. तार लांब केली असता सुईवरचा जोर किती घटतो याचे त्याने एक सूत्र दिले होते. त्यात लॉगॅरिदम आला होता आणि ते निसर्गाशी जुळत नव्हते. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता, घटाचा होता. त्या काळचा विद्युत्घट जोडला की पहिल्या क्षणी जोर दाखवी आणि मग झपाट्याने मलूल होई. मोजणारा प्रामाणिक असून भागत नाही, मापही स्थिर असावे लागते. वजन करताना तराजूतले मापच झिजत असेल तर दुकानदाराने काय करावे?

येथे पोगेनडोर्फ या संपादकाने त्याला एक मोलाची सूचना केली. १८२१ साली झेबेकने असे शोधून काढले होते की, दोन निराळ्या धातूंचे सांधे करून एक सांधा तापविला आणि दुसरा थंड ठेवला तर मंडलात प्रवाह वाहतो. ओहमने तांबे आणि बिस्मथ यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा वितळत्या बर्फात. उकळते पाणी आणि वितळते बर्फ यांचे तापमान ढळत नाही. म्हणून विजेचा जोरही ढळणार नाही. प्रवाह मोजण्यासाठी त्याने चुंबकसूची एका धातूच्या पट्टीला टांगली. प्रवाहामुळे सुई ढळली की वरून पट्टीला पीळ देऊन ती पुन्हा मूळ जागी आणावयाची. जितका पीळ द्यावा लागेल तितका प्रवाह.

मग त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. १८२६ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, त्याने एकेक तार मंडलात जोडून पीळ मोजला. दोन इंची तारेला ३२६¾ हा आकडा आला, चार इंचीला ३००¾, चौतीस इंचीला १३४½ आणि एकशेतीस इंचीला ४८½.

श्रोतेहो, या आकड्यांकडे क्षणभर नीट पाहू या. तार दोन इंचांची चार इंच केली, म्हणजे दुप्पट केली. मग प्रवाह निम्मा व्हावयास हवा होता. तो तर फक्त एक-बारांशाने घटला! येथेच इतरांची फसगत होत होती. ओहमने ताडले की, अडथळा केवळ जोडलेल्या तारेचा नसतो. प्रवाह जेथे निर्माण होतो त्या जोडीतूनही तो वाहतो आणि तेथेही त्याला अडथळा होतोच. त्याच्या उपकरणाचा हा अंगचा अडथळा त्याच तांब्याच्या तारेच्या २०¼ इंचांइतका भरला. म्हणजे पहिल्या वेळी खरी लांबी २२¼ इंच होती आणि दुसऱ्या वेळी २४¼. आता घट का थोडी झाली हे सरळ दिसते. त्याने सूत्र मांडले ते असे: ७२८५ ही संख्या घ्या आणि तिला, २०¼ मध्ये तारेची लांबी मिळवून येणाऱ्या बेरजेने, भागा. एकशेतीस इंची तारेसाठी हे गणित आपणच करून पाहू. बेरीज १५०¼, ७२८५ भागिले १५०¼ म्हणजे ४८.४९. ओहमने मोजलेला आकडा होता ४८½!

त्याने आणखी एक कसोटी लावली. दोन सांध्यांच्या तापमानांतील अंतर कमी केले. तेव्हा वरची ७२८५ ही संख्या घटली, पण खालची २०¼ तशीच राहिली. म्हणजे वरची संख्या विजेला ढकलणाऱ्या जोराची आणि खालची अडथळ्याची. दोन्ही एकमेकींत न मिसळणाऱ्या स्वतंत्र राशी ठरल्या. आज आपण वरच्या राशीला व्होल्ट लावतो आणि खालच्या राशीला ओहम. प्रवाह म्हणजे दाब भागिले रोध, हा तो नियम.

आता बार्लोची चूक कळते. लांब तारेपुढे प्रवाह क्षीण होतो तो तारेचा रोध घटाच्या जोराला भारी पडतो म्हणून. उपाय सोपा आहे. एकापुढे एक असे अनेक घट जोडून दाब वाढवावा. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३१ च्या सुमारास, ओहमचे लेखन हाती नसताना, प्रयोगांनीच हा उपाय शोधला आणि हजार फुटांहून अधिक लांब तारेच्या टोकाशी घंटा वाजवून दाखविली. तारायंत्राचा मार्ग मोकळा झाला.

ओहम रजा घेऊन बर्लिनला गेला. तेथे त्याचा भाऊ मार्टिन होता. १८२७ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विद्युन्मंडलाचे गणिती विवेचन हा त्याचा विषय. फ्रान्सच्या फुरिएने उष्णतेच्या वहनाचे जे गणित १८२२ साली मांडले होते, त्याच वळणावर ओहमने विजेचे गणित रचले. उष्णता जशी तापमानाच्या उतारावरून वाहते, तशी वीज तिच्या दाबाच्या उतारावरून. हे पुस्तक त्याला विद्यापीठाचे दार उघडून देईल अशी त्याची अपेक्षा होती. ती फोल ठरली. प्रयोग करणाऱ्यांना त्यातील गणित झेपेना, आणि ज्यांना गणित झेपत होते त्यांना त्यात प्रयोग फारसे दिसेनात, कारण प्रयोगांचे निबंध त्याने निराळे छापले होते. काही टीका तर अगदी जिव्हारी लागणारी झाली. ओहमने १८२८ साली कलोनच्या जागेचा राजीनामा दिला आणि पुढची पाच वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या शिकवण्या करून काढली.

साऱ्या जगाने त्याची उपेक्षा केली असे मात्र म्हणता येणार नाही. तसे म्हणण्याची आपल्याकडे आणि सर्वत्रच हौस असते. लाइपझिगच्या फेखनरने १८३१ साली स्वतः प्रयोग करून नियम तपासला आणि तो खरा असल्याचे सांगितले. १८३३ साली न्युरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात ओहमला जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉपली पदक दिले. १८४३ साली व्हीट्स्टनने इंग्लंडमधील आपल्या व्याख्यानात त्याच्या नियमाचा पुरस्कार केला. ज्याची त्याने जन्मभर वाट पाहिली ती म्यूनिक विद्यापीठातील भौतिकशास्त्राची अध्यासनपदवी त्याला १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. पुरती दोनच वर्षे त्याला ती लाभली.

हा झाला रोधाचा इतिहास. विजेच्या शक्तीचा, म्हणजे वॉटचा, इतिहास मँचेस्टरजवळच्या एका मद्याच्या कारखान्यातून येतो. जेम्स प्रेस्कॉट जूल हा त्या कारखानदाराचा मुलगा. वाफेच्या यंत्राऐवजी विजेची मोटर वापरली तर स्वस्त पडेल काय, असा अगदी व्यापारी प्रश्न त्याने तरुणपणी हाती घेतला. उत्तर निराशाजनक आले. घटात जळणारे जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडत होते. पण हा हिशेब करताना त्याचे लक्ष तापणाऱ्या तारांकडे गेले. त्याने तारेचे वेटोळे पाण्यात बुडविले, प्रवाह मोजला आणि पाणी किती तापले ते थर्मामीटरने पाहिले. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट. तिप्पट केला तर नऊपट. रोध दुप्पट केला आणि प्रवाह तोच ठेवला तर उष्णता दुप्पट. म्हणजे उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या प्रमाणात निर्माण होते. त्याने हा निबंध १८४० च्या अखेरीस रॉयल सोसायटीकडे पाठविला. तिने त्याचा केवळ सारांश छापला. पूर्ण निबंध १८४१ साली दुसऱ्या नियतकालिकात आला. तेव्हा जूल बावीस वर्षांचा होता.

ओहमचा नियम आणि जूलचा नियम एकत्र करा. प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाब. म्हणून प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजेच दाब गुणिले प्रवाह. दर सेकंदाला किती वीज वाहते ते अँपियर सांगतो आणि तिचा प्रत्येक एकक किती काम करतो ते व्होल्ट सांगतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे दर सेकंदाचे काम, अर्थात वॉट. इस्त्रीच्या पट्टीवरचे गणित येथे पुरे झाले.

विद्वानांना जे पटायला वेळ लागला ते व्यवहाराने सक्तीने शिकविले. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकण्यात आली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे सोळा तास लागले. तारेचे विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी संदेश जोराने जावेत म्हणून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब लावला. मुळातच सदोष असलेले वेष्टन तो सोसू शकले नाही आणि अवघ्या काही आठवड्यांत ती तार मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, आधीपासून सांगत होते की, तांब्याची तार जाड घ्या, तांबे शुद्ध घ्या आणि दाब हलका ठेवून नाजूक यंत्राने संदेश वाचा. बाजारातील निरनिराळ्या तांब्यांच्या वाहकतेत केवढी तफावत असते हे त्यांनी मोजून दाखविले होते. समुद्रात गेलेल्या पैशाने हा धडा पक्का झाला. १८६६ ची तार थॉमसन यांच्या मतानुसार झाली आणि ती टिकली.

यातून रोधाचे एकच सर्वमान्य माप हवे ही निकड उत्पन्न झाली. तोवर कोणी 'इतके मैल तांब्याची तार' असे माप सांगे, कोणी लोखंडी तारेचे. १८६० साली वेर्नर झीमेन्सने एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ हे माप सुचविले. १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने मापांसाठी समिती नेमली. १८८१ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम, व्होल्ट आणि अँपियर ही नावे मान्य केली. वॉट हे नाव विल्यम सीमेन्स यांनी १८८२ साली सुचविले आणि १८८९ साली ते स्वीकारले गेले. जेम्स वॉटचा विजेशी काडीचा संबंध नव्हता. पण यंत्राचे काम घोड्याच्या कामाशी तोलून दाखविण्याची चाल त्याने पाडली, म्हणून हा मान त्याला. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट.

आपल्या मुंबईचा या कथेशी संबंध येतो तो येथेच. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार टाकली आणि मुंबई-लंडन हा संदेशमार्ग पाण्याखालून जुळला. अशी तार मध्येच कोठे तुटली तर शेकडो मैलांच्या खोल समुद्रात शोधावयाची कोठे? किनाऱ्यावर बसून ओहमच्या नियमाने! समजा, तारेचा रोध मैलाला ३ ओहम आहे आणि किनाऱ्यावरून मोजता ६०० ओहम भरला. मग दोष २०० मैलांवर आहे. प्रत्यक्षात दोषाच्या जागेचाही काही रोध असतो, म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरून मोजून ताळा घ्यावा लागे. पण तत्त्व एवढेच. तारखाते देशात १८५० च्या दशकापासून लोकांच्या सेवेत होते आणि २०१३ च्या जुलैत भारतातील तारसेवा बंद झाली. तोवर कितीतरी घरांत सुखदुःखाच्या बातम्या याच नियमाच्या आधाराने पोहोचल्या.

घरोघर दिवे लावण्याचा प्रश्नही या दोन भागाकारांनीच सुटला. एडिसनच्या आधीच्या बहुतेकांनी दिव्याची तार कमी रोधाची घेतली होती. रोध कमी म्हणजे प्रवाह मोठा, आणि मोठ्या प्रवाहाला रस्त्याखाली जाडजूड तांबे पुरावे लागणार. त्याचा खर्च शहराला परवडणे अशक्य. एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी अप्टन यांनी हिशेब उलट बाजूने केला. तांबे किती परवडेल ते आधी ठरविले आणि त्यावरून दिव्याचा रोध मोठा हवा असे काढले. १८७९ साली कार्बनच्या बारीक तंतूचा दिवा पेटला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून ११० व्होल्टची वीज घरोघर जाऊ लागली.

पण ही वीज मैलभराच्या आतबाहेरच पोहोचे. कारण जूलचा वर्ग आडवा येई. समजा, १० हजार वॉट वीज एका ओहमच्या तारेतून पाठवावयाची आहे. २०० व्होल्टने पाठविली तर प्रवाह ५० अँपियर. वाटेतली गळती ५० चा वर्ग, म्हणजे २५०० वॉट. चौथा हिस्सा तारच खाणार! हीच वीज २००० व्होल्टने पाठविली तर प्रवाह ५ अँपियर आणि गळती अवघी २५ वॉट. दाब दहापट केला की नुकसान शंभरपट घटते. १८९१ साली जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट या १७५ किलोमीटरांवर उच्च दाबाने वीज नेऊन हे सिद्ध करण्यात आले. त्याच न्यायाने १९१५ साली घाटमाथ्यावरील तळ्यांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी वीज निर्माण केली आणि लाख व्होल्टच्या घरातील दाबाने ती मुंबईच्या गिरण्यांपर्यंत नेली. गाडीतून जाताना डोंगरावरचे उंच मनोरे दिसतात. ते इतके उंच का, याचे कारण जूलच्या पाण्याच्या भांड्यात आहे.

आता या नियमाच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर मी आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. ओहमचा नियम धातूच्या तारेला, तापमान स्थिर असताना, उत्तम लागू पडतो. जुन्या तंतूच्या दिव्याचा रोध पेटल्यावर थंड असतानाच्या दहापटीहूनही अधिक होई. आजच्या एलईडी दिव्याला हा नियम सरळ लागतच नाही. शेतातल्या पंपाचे उदाहरण घ्या. दाब २३० वरून २०० वर आला तर इस्त्रीचे १००० वॉटचे ७५६ वॉट होतात. ती कमी तापते, एवढेच. पंपाची मोटर मात्र तेवढेच पाणी उपसण्यासाठी अधिक प्रवाह ओढते, आणि प्रवाहाच्या वर्गाने तिचे वेटोळे तापते. कमी दाबाने मोटर जळते कशी, असे कोडे अनेकांना पडते. त्याचे उत्तर हे आहे.

मापही आता पाऱ्याच्या स्तंभावर राहिलेले नाही. १९८० साली क्लाउस फोन क्लिट्सिंग यांना असे आढळले की, अतिशीत अवस्थेत आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रोधाची ठरावीक, निसर्गदत्त मूल्येच मिळतात. त्यांतले मूळ मूल्य सुमारे २५,८१२.८ ओहम. या शोधाला १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २० मे २०१९ पासून विजेची मापे निसर्गाच्या अचल राशींवर उभी आहेत. उकळते पाणी आणि वितळते बर्फ घेऊन स्थिर माप शोधणाऱ्या ओहमचाच हा मार्ग पुढे गेला.

शेवटी कॅव्हेंडिशच्या शरीराकडे परत येऊ. आपले शरीरही एक रोधच आहे. कोरड्या कातडीचा रोध कित्येक हजार ओहम असतो. अंग भिजले की तो हजाराच्या आसपास उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपियर. माणसाचे हृदय बंद पाडायला याहून पुष्कळच कमी प्रवाह पुरतो. म्हणूनच गळती ओळखून वीज तोडणारी घरगुती यंत्रे ०.०३ अँपियरलाच वीज तोडतात. दर पावसाळ्यात ओल्या भिंतीला, लोंबत्या तारेला, पाण्याच्या मोटरला हात लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि दैवाला बोल लावतो. त्यात दैव थोडे आणि भागाकार फार असतो. कॅव्हेंडिशने हा भागाकार स्वतःच्या अंगावर सोसून केला आणि कपाटात ठेवला. ओहमने तो चुकला, चूक छापली, वर्षभरात ती सुधारली आणि सगळ्यांच्या हाती दिली. तो भागाकार ज्या घरातल्या मुलाला येतो, त्याने तो वहीत ठेवू नये. घरातल्या जोडण्यांपाशी, मोरीतल्या गीझरपाशी, शेतातल्या पेटीपाशी जाऊन तो एकदा करून पाहावा, आणि वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावा. एका कुलूप करणाऱ्याच्या मुलाने अर्धे आयुष्य उपेक्षेत काढून जे आपल्या हाती ठेवले, त्याचा एवढा उपयोग आपण केला तरी पुष्कळ झाले.